रात्री सव्वानऊचा पिंग: एका घरातल्या राउटरचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. छोट्या ऑफिसांची आणि क्लिनिकची नेटवर्क बसवणं हे माझं रोजचं काम. या घरात मी गेलो तो सकाळी फिरायला जाण्याच्या ओळखीतून. दोन तासांचं काम समजून गेलो होतो, त्याला पाच आठवडे लागले. त्यातला एक आठवडा माझ्या घाईमुळे वाया गेला, तेही खाली सविस्तर लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

चौथ्या मजल्यावरचा टू बीएचके. वडील एका बांधकाम कंपनीत साइट इंजिनिअर, आई गृहिणी, थोरली मुलगी आयटीत आणि आठवड्यातले तीन दिवस घरून काम करणारी. धाकटा मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. तो रात्री जेवणानंतर तासदीड तास कॉलेजच्या मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळतो. पाच विरुद्ध पाच असा हा शूटिंगचा गेम २०२० साली आला आणि त्याचा सर्व्हर मुंबईत आहे. म्हणजे पुण्याच्या मुलाला अंतराची तक्रार करायला जागा नाही. या घरातून मुंबईला जाऊन परत यायला डेटाला ११ मिलिसेकंद लागत होते, तेही सगळं सुरळीत असेल तेव्हा. या जाण्यायेण्याच्या वेळेलाच पिंग म्हणतात.

कनेक्शन स्थानिक केबलवाल्याकडून घेतलेलं फायबरचं. मूळ प्लॅन १०० एमबीपीएस डाउनलोड आणि २० एमबीपीएस अपलोड. हॉलमध्ये टीव्हीच्या मागे कंपनीने दिलेला फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी (फायबरमधल्या प्रकाशाचं नेटच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र) आणि वायफाय राउटर एकाच खोक्यात. मुलाची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला, मधे दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. तिथे रेंज पोचत नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी घरातलाच जुना राउटर स्वयंपाकघराच्या दाराशी लावलेला. तो कोणी लावला, कसा लावला, कोणाला आठवत नव्हतं. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

अडचण काय होती

मुलाच्या तक्रारी दोन होत्या आणि घरात त्या एकच समजल्या जात होत्या.

पहिली अशी की रात्री नऊनंतर कधीतरी गेम अडखळायला लागायचा. पिंग ११ वरून एकदम २००, ३०० वर जायचा. समोरचा खेळाडू दारात दिसतोय म्हणून गोळी झाडावी, तर तो अर्ध्या सेकंदापूर्वीच आत येऊन मारून गेलेला. कधी कनेक्शनच तुटायचं. मॅच सोडून गेलेल्याला हा गेम दंड लावतो, काही वेळ पुढची मॅच खेळता येत नाही. मुद्दाम सोडली की नेट गेलं, हे गेमला कळत नाही. हळूहळू मित्रांनाही कळेनासं झालं. कॉलेजच्या स्पर्धेसाठी टीम ठरली तेव्हा त्याला राखीव खेळाडू केलं.

दुसरी तक्रार कन्सोलची. सुट्टीच्या दिवशी तो नागपूरच्या आतेभावाबरोबर फुटबॉलचा गेम खेळायचा. त्यात दोघांचे कन्सोल थेट एकमेकांशी जोडले जातात. हे जोडणं दहातल्या सात वेळा व्हायचंच नाही. कन्सोलच्या नेटवर्क चाचणीत ‘नॅट टाइप ३’ येत होतं, म्हणजे बाहेरून कन्सोलशी थेट जोडणं जवळपास बंद.

घरच्यांनी तोवर दोन उपाय केले होते. कंपनीच्या माणसाला बोलावून डबा बदलून घेतला होता आणि २०० एमबीपीएसचा प्लॅन तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरून घेतला होता. फरक शून्य. त्या प्लॅनमध्ये डाउनलोड दुप्पट झालं होतं, अपलोड तेवढंच राहिलं होतं, पण ही ओळ कोणी वाचली नव्हती. वडिलांनी मग सोळा हजारांचा ‘गेमिंग राउटर’ बघून ठेवला होता. आईचं मत वेगळंच होतं. त्या मला म्हणाल्या, “अहो, स्पीड टेस्टमध्ये तर १९० येतो. हरला की नेटच्या नावाने खडे फोडतो, दुसरं काय?”

मुलगा तिथेच उभा होता. काही बोलला नाही, आत निघून गेला. ही गोष्ट मला लागली. स्पीड टेस्ट सांगते की पाइप केवढा मोठा आहे. गेमला मोठा पाइप लागतच नाही, सेकंदाला काही शे किलोबिट पुरतात. त्याला लागतो तो वेळेवर आलेला प्रत्येक छोटा तुकडा. फाइल उतरवताना एखादा तुकडा हरवला तर तो परत मागवता येतो. असले गेम यूडीपी पद्धतीने डेटा पाठवतात आणि त्यात उशिरा आलेल्या तुकड्याचा उपयोग संपलेला असतो. त्यामुळे स्पीड टेस्ट १९० दाखवत असताना गेम अगदी खेळवेनासा होऊ शकतो. मुलगा खरं बोलत होता.

पहिली भेट आणि माझी चूक

मी गेलो रविवारी सकाळी अकराला. फोनवर वायफायचं ॲप उघडलं तर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आजूबाजूची तेवीस नेटवर्कं. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल खरं तर तीनच, १, ६ आणि ११. यांचा डबा चॅनल ८ वर बसला होता, म्हणजे दोन्हीकडच्या गर्दीत पाय ठेवून. शिवाय तो टीव्हीच्या पाठीमागे, पत्र्याच्या सेट टॉप बॉक्सला चिकटून. मी डबा उचलून शोकेसवर ठेवला, २.४ चा चॅनल १ केला, ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं करून दिलं, मुलाचा लॅपटॉप त्याला जोडला आणि पिंग बघितला. ११, १२, ११, १३. “झालं तुझं काम,” असं सांगून चहा घेऊन निघालो.

सोमवारी रात्री पावणेदहाला त्याचा मेसेज आला. गेमच्या कोपऱ्यातल्या आलेखाचा फोटो, पिंग ३४६. खाली एवढंच लिहिलं होतं, “काका, परत तेच.”

मी जे केलं त्यात चुकीचं काही नव्हतं. पण तक्रार रात्रीची असताना मी सकाळी गेलो होतो, आणि एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या होत्या. त्यातल्या कशाने काय झालं हे मलाच सांगता येत नव्हतं. ऑफिसच्या कामात मी असं कधीच करत नाही. घरगुती काम म्हणून शिस्त सोडली आणि त्या मुलाचा आणखी एक आठवडा गेला.

वही

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी जाण्याआधी मी त्याला एक काम दिलं. वही घे आणि रोज रात्री साडेआठ ते साडेदहा, दर पंधरा मिनिटांनी तीन आकडे लिही. लॅपटॉपवर आज्ञा टाइप करायच्या तीन काळ्या खिडक्या उघडायच्या आणि तिन्हीत पिंग सतत चालू ठेवायचा. पहिली खिडकी घरातल्या राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला. दुसरी कंपनीच्या पहिल्या टप्प्याला, तो पत्ता ‘ट्रेसरूट’मध्ये, म्हणजे डेटा कुठल्या टप्प्यांतून जातो ते दाखवणाऱ्या आज्ञेत, दिसतो. तिसरी बाहेरच्या जगाला, त्यासाठी गूगलचा पत्ता ८.८.८.८. पहिलीतच आकडे उडाले तर दोष घरातल्या वायफायचा. पहिली शांत आणि दुसरी उडाली तर घर आणि कंपनी यांच्यामधल्या दोरीचा. दोन्ही शांत आणि फक्त तिसरी उडाली तर पुढचं काहीतरी, ज्यावर आपला हात चालत नाही. चौथा रकाना मी सहज सांगितला होता, ‘घरात त्या वेळी कोण काय करतंय’.

बुधवारी रात्री नऊला मी त्याच्या खोलीत बसून वही चाळली. निळ्या शाईत, कॉलेजच्या प्रॅक्टिकलसारखे आखलेले रकाने. सोमवारी सव्वानऊची ओळ: ६, २९०, ३०५, ‘आई सिरियल, बाबा आले’. मंगळवारी साडेनऊची: ९, ३३०, ३४१, ‘जेवण चालू, बाबा आत्ताच आले’. मंगळवारी नऊची: ५, १०, ११, ‘ताई कॉलवर’. मी वही त्याच्यासमोर धरली आणि विचारलं, “बाबा आल्यावर काय करतात?”

“हातपाय धुतात. फोन चार्जिंगला लावतात.”

आम्ही दोघं एकदमच उठलो.

वडील दिवसभर साइटवर व्हिडिओ काढतात. स्लॅबची सळई बांधून झाली की काढ, काँक्रीट ओतताना काढ, वॉटरप्रूफिंग झालं की काढ. उद्या वाद झाला तर पुरावा म्हणून. रोजचे तीन-चार जीबी. मोबाइल डेटा वाचावा म्हणून बॅकअप ‘फक्त वायफायवर’ आणि ‘चार्जिंगला असताना’ असा ठेवलेला. रात्री सव्वानऊच्या सुमारास फोन वायरला लागला की ती सगळी फौज २० एमबीपीएसच्या अपलोडमधून बाहेर पडायला धावायची.

त्या रात्री चाचणी साधी केली. फोन चार्जिंगवरून काढला आणि बॅकअप थांबवला, तर वीस सेकंदांत दुसरी खिडकी ११ वर. परत लावला, एका मिनिटात ३१०. परत काढला, ११. तीन वेळा हेच केलं. तिसऱ्या वेळी वडील दारात उभे राहून बघत होते. चेहरा पडला होता त्यांचा. मुलाला म्हणाले, “सांगायचं ना रे.” मुलगा म्हणाला, “मलाच कुठे माहीत होतं?”

असं का होतं

याला बफरब्लोट म्हणतात. संगणक प्रोग्रामर जिम गेटीस यांनी २०१० साली स्वतःच्या घरातल्या अशाच तक्रारीचा माग काढताना हे नाव दिलं.

पिठाच्या गिरणीचं उदाहरण घ्या. गिरणी तासाला ठरावीकच दळते. एकाने लग्नघरची दहा पोती आणून लावली आणि मागे तुम्ही किलोभर ज्वारी घेऊन उभ्या. गिरणीवाला आधी आलेल्याचं आधी दळणार असेल, तर तुमच्या किलोभर ज्वारीला दहा पोती संपेपर्यंत थांबावं लागतं. गिरणी बंद नाही, हळूही नाही, पूर्ण वेगाने चालू आहे. तुमचं दळण मात्र उशिरा येतं. गेमचा तुकडा म्हणजे ती किलोभर ज्वारी.

राउटरच्या पोटात अशी रांग लावायला जागा असते, तिला बफर म्हणतात. आकड्यांनी बघा. २० एमबीपीएसच्या अपलोडवर ३५० मिलिसेकंदांची वाट बघावी लागत असेल, तर रांगेत सुमारे ७० लाख बिट, म्हणजे जवळपास ९०० किलोबाइट डेटा तुंबलेला आहे. एवढी मेमरी आज कुठल्याही स्वस्त डब्यात असते. मेमरी स्वस्त झाली म्हणून बनवणाऱ्यांनी रांगा लांब केल्या. त्यामुळे डेटा हरवत नाही, नुसता साचत राहतो.

ताईच्या कॉलवर “तुझा आवाज तुटतोय” असं कधीमधी व्हायचं, तेही यातूनच. कॉलने मात्र गेम बिघडत नव्हता, कारण एक व्हिडिओ कॉल वर जाताना दोन-तीन एमबीपीएसच घेतो, रांग लागतच नाही.

पहिल्या खिडकीतही मधूनच ४०, ६०, एकदा ९० दिसलं होतं. म्हणजे वायफायचा दोषही होता, फक्त लहान. दोन दुखणी एकमेकांवर बसलेली होती. मी रविवारी लहान दुखणं बरं केलं आणि मोठं तसंच सोडून आलो.

कोणते पर्याय होते

आम्ही चौघं जेवणाच्या टेबलावर बसून हे ठरवलं. आई सुरुवातीला नुसत्या ऐकत होत्या.

बॅकअप बंद करणं हा फुकटचा उपाय. मी तो पहिल्यांदा मांडला आणि लगेच मागे घेतला. ते व्हिडिओ वडिलांच्या नोकरीचा भाग आहेत, फोन हरवला तर महिन्याभराचा पुरावा जाईल. मध्यरात्री बॅकअप चालावा म्हणून वेळ लावायची सोय त्या ॲपमध्ये नव्हती. झोपताना फोन चार्जिंगला लावा, असं सांगता आलं असतं. वडील तयारही झाले. पण घरातल्या एका माणसाच्या आठवणीवर उभा असलेला उपाय महिनाभर टिकत नाही, आणि उद्या ताईचा लॅपटॉप किंवा नवा सीसीटीव्ही कॅमेरा हेच करणार.

आणखी मोठा प्लॅन म्हणजे जास्त अपलोडचा. त्या कंपनीकडे ५० अपलोडचा प्लॅन होता, महिन्याला जवळपास दुप्पट पैशांत. त्याने रांग लवकर संपली असती, पण रांग लागलीच असती. बॅकअप मिळेल तेवढी सगळी जागा घेतो.

सोळा हजारांच्या गेमिंग राउटरला मी नको म्हटलं. असे सगळे राउटर वाईट असतात असं नाही, काहींत रांगेचं व्यवस्थापन चांगलं असतं. पण त्या खोक्यावर जे छापलं होतं ते वायफायच्या वेगाबद्दल आणि अँटेनांबद्दल होतं, अपलोडच्या रांगेबद्दल एक शब्द नव्हता. आमचं दुखणं तिथे होतं.

चौथा पर्याय, जो शेवटी घेतला: कंपनीच्या डब्याला फक्त ओएनटी म्हणून ठेवायचं, राउटरचं काम त्याच्याकडून काढून घ्यायचं, आणि रांग हुशारीने लावणारा स्वतःचा राउटर बसवायचा. जोडीला मुलाच्या खोलीत केबल. यातला तोटा मी स्पष्ट सांगितला. उद्या काही बिघडलं तर कंपनीचा माणूस म्हणेल, हा आमचा राउटर नाही. म्हणजे घरात कोणाला तरी हे शिकावं लागेल. मुलगा म्हणाला, मी शिकतो.

तेव्हा आई पहिल्यांदा बोलल्या. “केबल भिंतीवरून नाही जायची. आत्ताच रंग दिलाय.”

काय केलं

केबलपासून सुरुवात केली, कारण वायफायचा दोष बाजूला काढल्याशिवाय बाकीच्या मोजण्यावर विश्वास ठेवता येत नव्हता. हॉलपासून त्या खोलीपर्यंत जुन्या डिश टीव्हीच्या वायरचा कन्सील पाइप होता आणि ती वायर आता कोणी वापरत नव्हतं. इलेक्ट्रिशियनने त्या वायरच्या टोकाला नवी कॅट-६ केबल टेपने घट्ट बांधली, मी इकडून ढकलत होतो, तो तिकडून ओढत होता. एका वळणावर अडकली. त्याने जुनी वायर दोन इंच मागे घेतली, सांध्यावर बोटाने साबणाचं पाणी लावलं आणि परत ओढली, तशी सुळकन निघाली. अठरा मीटर केबल, भिंतीवर एक ओरखडा नाही. वहिनींनी, म्हणजे मुलाच्या आईने, त्याला थांबवून पोहे दिले.

टोकं मी बांधली. आतल्या तारांचा क्रम: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. लावल्यावर लॅपटॉपने जोडणी १०० एमबीपीएसची दाखवली, १००० ची नाही. याचा अर्थ तारांची एखादी जोडी नीट लागलेली नाही. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. टोक कापून परत बांधलं, १००० आलं. असं १०० वर अडकलेलं नेट लोक वर्षानुवर्षं वापरतात, कारण ते चालू असतं.

आता पहिल्या खिडकीत सतत १ मिलिसेकंदापेक्षा कमी. सव्वानऊला दुसऱ्या खिडकीत तरीही ३०० होतेच, आणि मला तेच खात्रीने बघायचं होतं.

पुढचा राउटर ४,२०० रुपयांचा, दिसायला साधा, ओपनडब्ल्यूआरटी ही मोकळी प्रणाली चालणारा. ती मी माझ्या टेबलावर टाकली, त्यांच्या घरी नाही, कारण मधेच वीज गेली तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो. त्यात एसक्यूएम नावाची सोय आहे आणि तिच्यात ‘केक’ नावाची रांग निवडता येते. ही रांग प्रत्येक गिऱ्हाइकाचं थोडं थोडं दळते. दहा पोतीवाल्याचंही चालू राहतं, किलोभर ज्वारीवालीही लगेच मोकळी होते.

यात एक गोष्ट लोकांना पटत नाही. मर्यादा खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवावी लागते. केबलवर वेगवेगळ्या वेळी मोजून सगळ्यात कमी अपलोड १९.२ आलं होतं, आम्ही १७ लावलं. प्लॅन अजून २०० चाच होता, डाउनलोडला १७५. असं केलं की रांग आपल्या राउटरमध्ये लागते, जिथे ती कशी लावायची हे आपल्या हातात आहे. पूर्ण वेग ठेवला तर ती पुढच्या डब्यात लागते आणि तिथे परत आधी आलेल्याचं आधी. आणखी एक, राउटरमधलं हार्डवेअर ऑफलोडिंग, म्हणजे डेटा आडवाटेने झटपट पुढे ढकलण्याची सोय, बंद करावं लागतं, नाहीतर डेटा या रांगेला बगल देऊन निघून जातो. पहिल्या रात्री फरकच पडला नाही तो यामुळेच. अर्धा तास शोधल्यावर ती खूण दिसली.

कंपनीच्या डब्याला ब्रिज मोडमध्ये, म्हणजे फक्त ओएनटीच्या कामावर, टाकण्यासाठी त्यांच्या ऑफिसात तीन फोन करावे लागले. पीपीपीओईचं, म्हणजे राउटरने कंपनीच्या नेटवर्कवर लॉगिन करण्याचं, युजरनेम आणि पासवर्ड आधी मागून घेतले, कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. ते हातात नसताना ब्रिज केलं असतं तर ताईचं सकाळचं काम बंद पडलं असतं.

कन्सोलची तक्रार

इथे त्या स्वयंपाकघराच्या दाराशी लावलेल्या जुन्या राउटरचा संबंध आला. त्याची केबल ‘वॅन’ भोकात, म्हणजे बाहेरच्या नेटसाठीच्या भोकात होती. म्हणजे घरात दोन राउटर एकामागे एक आणि दोघंही डेटावरचे पत्ते बदलत होते. नॅट म्हणजे हेच पत्ते बदलणं. कन्सोल त्या दुसऱ्याच्या मागे. नवा राउटर आल्यावर जुन्याला मुलाच्या खोलीत नेलं, त्याचं पत्ते वाटण्याचं काम बंद केलं आणि केबल ‘लॅन’, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या भोकात लावली. आता तो फक्त केबल फोडून देतो आणि त्या खोलीत वायफाय देतो. कन्सोलही केबलवर आला.

चाचणी घेतली, तरी नॅट टाइप ३. नव्या राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता बघितला तर १०० ने सुरू होणारा, आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला. हा पट्टा २०१२ साली खास कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी राखून ठेवला गेला. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीचे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, ते कधीच पुरेनासे झाले, म्हणून कंपन्या अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्याच्या मागे बसवतात. घरच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची दारं, उघडा, पुढचं दार कंपनीच्या हातात असतं. मुलाने इंटरनेटवर बघून वर्षभरात किती वेळा पोर्ट फॉरवर्डिंग केलं होतं ते त्याने मला सांगितलं. त्याची मेहनत चुकीच्या दारावर चालली होती.

इथे निर्णय घ्यायचा होता. कंपनी महिना दीडशे रुपयांत स्थिर सार्वजनिक पत्ता देत होती. महिन्यातून दोन रविवारच्या खेळासाठी तो घ्यावा का? मी काही बोललो नाही. वडीलच म्हणाले, “तो भाऊ त्याच्या वयाचा एकटाच आहे. घेऊन टाका.” सार्वजनिक पत्ता आला की घराचं दार थेट रस्त्यावर उघडतं, म्हणून आधी राउटरचा पासवर्ड बदलला आणि बाहेरून राउटर उघडण्याची सोय बंद असल्याची खात्री केली. डीएमझेड, म्हणजे एका यंत्राकडे सगळी दारं उघडी टाकण्याची सोय, वापरलं नाही. फक्त कन्सोलसाठी यूपीएनपी चालू ठेवलं, त्यात यंत्र हवं तेवढं दार स्वतः मागून घेतं. नॅट टाइप २ आला. राउटरमागच्या कन्सोलला तेवढंच हवं असतं.

निष्पत्ती

वही आणखी दोन आठवडे चालू ठेवायला लावली. बॅकअप चालू असतानाचा पिंग ११ ते १६, सगळ्यात वाईट नोंद २८. बॅकअपला पूर्वी पंचवीस मिनिटं लागायची तिथे आता तीस लागतात. वडिलांना ते जाणवलंही नाही.

त्यांना दुसरंच जाणवलं. स्पीड टेस्ट १९० ऐवजी १७२ दाखवत होती. “पैसे देऊन वेग कमी केलात की काय?” त्यांनी विचारलं. मी बॅकअप चालू केला, मुलाला गेम लावायला सांगितला, ताईला बाजूच्या खोलीतून व्हिडिओ कॉल करायला लावला आणि तिन्ही खिडक्या त्यांच्यासमोर ठेवल्या. दोन मिनिटं बघत बसले. तीन महिने संपल्यावर त्यांनी प्लॅन परत १०० वर आणला, आणि डाउनलोडची मर्यादा मुलाने स्वतः ८८ वर आणून ठेवली. खर्चाचा हिशोब असा: राउटर ४,२००, केबल आणि मजुरी १,१००, स्थिर पत्त्याचे महिना दीडशे. गेमिंग राउटर घेतला नाही.

एक गोष्ट सुटली नाही आणि सुटणारही नाही. मित्रांच्या आग्रहाने तो कधी सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळतो, तिथे पिंग ६५ च्या आसपास. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन यायला किमान ३९ मिलिसेकंद, आणि समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नाही. कुठलाही राउटर हे कमी करू शकत नाही. त्याला हे आकडेमोडीने दाखवलं तेव्हा त्याने परत विचारलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

तक्रार ज्या वेळेची त्याच वेळी जायला हवं होतं. सर्वात महाग पडलेली चूक ती. वही पहिल्या दिवशीच द्यायला हवी होती, आणि चौथा रकाना सहज न सांगता ठरवून सांगायला हवा होता. दोषाचं निदान त्या रकान्यातून झालं, माझ्या यंत्रांतून नाही.

ब्रिज मोड मागण्याआधी फक्त एक संध्याकाळ स्वस्त चाचणी करता आली असती. त्यांच्या जुन्या राउटरमध्येही प्रत्येक उपकरणाला अपलोडची मर्यादा लावायची सोय होती. वडिलांच्या फोनला १२ ची मर्यादा लावली असती तर कदाचित तेवढ्यावरच काम भागलं असतं. बॅकअपला एरवीही उशीर लागला असता आणि नवं उपकरण आलं की परत मर्यादा लावावी लागली असती, पण ४,२०० रुपये खर्चण्याआधी तो पर्याय टेबलावर यायला हवा होता. मी आणला नाही, कारण मला चांगला उपाय माहीत होता आणि मी तिकडेच बघत होतो.

सार्वजनिक पत्त्याच्या आधी कंपनीला आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता, देता का, हे विचारायचं राहिलं. पुढच्या वेळी ते आधी विचारेन.

आणि त्या पहिल्या रविवारी, आई बोलल्या तेव्हा, मी तिथेच सांगायला हवं होतं की स्पीड टेस्टवरून हे ठरत नाही. मला माहीत होतं. कारण सापडल्यावर सांगू म्हणून मी थांबलो. मुलगा दहा दिवस खोटारडा ठरून त्या घरात वावरला. शेवटच्या भेटीत वहिनींनी ती वही मागून घेतली, सोमवारच्या ओळीवर बोट ठेवून ‘बाबा आले’ वाचलं आणि मुलाच्या पानात आणखी एक पोळी वाढली. तो नको नको म्हणत होता, साडेनऊची मॅच होती.